बरणीतला मफलर

नाही, पण मला एक सांगा, ज्या माणसाला जिवंतपणी खुर्चीवरून उठवायला मला घसा फोडावा लागायचा, जेवायला वाढलंय म्हणून एक हाक स्वयंपाकघरातून, दुसरी दारातून आणि तिसरी थेट कानात मारावी लागायची, तो माणूस मेल्यावर पळायला लागतो म्हणजे काय? पळायला! आणि अख्खा नाही हो, अख्खा पळाला असता तर मी धरला असता, गुडघे गेलेत माझे, तरी धरला असता... कणाकणानं पळतोय! ओ, मागचे, दात काय काढताय? विज्ञान आहे हे. तुम्हाला सांगते, हे सगळं जग कणांचं आहे, तुम्ही बसलाय ती खुर्ची कणांची, तुम्ही स्वतः कणांचे, आणि कण काही एका जागी बसत नाहीत!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, एवढं वय झालं, हे तुला आत्ता कळलं? तर हो, आत्ता कळलं, आणि त्याला कारण आहे. मला शाळेतून काढलं ते धाकट्या भावंडांना सांभाळायला, पण म्हणून कुणी मला अडाणी म्हणायचं नाही, सांगून ठेवते. आमचे हे पुस्तकं बांधायचे. शाळांची, वाचनालयांची फाटकी पुस्तकं गठ्ठ्यानं घरी यायची, हे ती उसवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावून दाबात ठेवायचे, आणि खळ वाळेपर्यंत ती पुस्तकं माझी! भाजी चिरता चिरता वाचलंय मी, मूल मांडीवर घेऊन वाचलंय. कुणी शिकवलं नाही मला, माझं मी शिकले. पण एक गंमत बघा, पुस्तक फाटतं कुठून? दोन्ही टोकांनी! पहिली चार पानं जातात आणि शेवटची चार पानं जातात, मधलं शाबूत. त्यामुळे माझं सगळं शिक्षण मधलं आहे. इतिहासातला राजा मला एकदम मिशीसकट भेटायचा, आणि लढाई ऐन रंगात आली की पुठ्ठा! रहस्यकथा वाचल्या त्यात खून झालेला असायचा, खुनी कोण ते आजतागायत मला ठाऊक नाही. पंचवीस जणांवर संशय घेऊन जगतेय मी!

आणि विज्ञानाचं तसंच. मधलं विचारा. तरफ विचारा, टेकू कुठे ठेवायचा ते विचारा, आम्लात लिटमस बुडवलं तर तांबडं होतं, आम्लारीत निळं. जडत्व तर मला एका दमात पाठ. स्थिर वस्तू स्थिरच राहते, बाहेरून बल लावल्याशिवाय ती हलत नाही. वाचलं तेव्हा मी पुस्तक यांच्या नाकासमोर धरलं, म्हटलं, "वाचा, तुमच्यावर धडा लिहिलाय." तर हे चष्म्यावरून बघत काय म्हणाले? "मग तू कोण?" म्हटलं, "मी बाहेरचं बल." "हं," म्हणाले, आणि पुन्हा दोरा ओवायला लागले. संपलं! एवढा आमचा संसार.

पण पहिला धडा, पदार्थ मुळात कशाचा बनतो हा, तो नेमका पहिल्या चार पानांत. दर वर्षीच्या पुस्तकातून तोच फाटलेला. म्हणजे इमारतीचे सगळे मजले मी हिंडून आले आणि पाया काही बघितला नाही.

तर परवा नात पलंगावर बसून, डुलत डुलत, पाठ करत होती. तिचा आवाज कसा, मंत्र म्हटल्यासारखा एका सुरात, "पदार्थ अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो, हे कण सतत गतिमान असतात, पदार्थ अतिसूक्ष्म कणांचा..."

म्हटलं, "थांब. पुन्हा म्हण."

"काय गं आजी, उद्या परीक्षा आहे माझी."

"सतत गतिमान म्हणजे? ही भिंत गतिमान आहे?"

"भिंतीतले कण जागच्या जागी थरथरतात."

"आणि पाण्यातले?"

"ते एकमेकांवरून घसरतात."

"आणि हवेतले?"

"ते उधळलेत आजी, ते कुणाचं ऐकत नाहीत. खोलीच्या एका कोपऱ्यात अत्तराची बाटली उघडली की दुसऱ्या कोपऱ्यात वास येतो ना, ते का? कण पसरतात म्हणून. त्याला विसरण म्हणतात. आता वाचू दे."

आता बघा हं, इथे एखादी दुसरी असती तर गप्प बसली असती. पण मला शंका आली की मला गप्प बसता येत नाही. म्हटलं, "म्हणजे वास म्हणजे काय? वस्तूची खूण?"

"खूण नाही गं. वस्तूचेच कण उडून नाकात येतात."

"वस्तूचेच? खुद्द वस्तूचे?"

"हो गं, खुद्द!"

तुम्हाला सांगते, माझ्या हातातली वाटी खाली पडली.

का म्हणून विचारा! अहो, हे गेल्यापासून त्यांचा मफलर माझ्या उशाखाली आहे. करड्या लोकरीचा. बारा महिने गळ्यात असायचा त्यांच्या, उन्हाळ्यातसुद्धा, आणि काम करता करता हात पुसायला फडकं शोधायला कोण उठणार? त्याच्याच टोकाला पुसायचे! त्यामुळे त्या लोकरीत काय काय मुरलंय... खळीतला मैदा, मैद्याला कीड लागू नये म्हणून घातलेलं मोरचूद, जुन्या कागदाची धूळ, नव्या पुठ्ठ्याचा वास, आणि सरस! सरस तुम्ही कधी शिजताना हुंगलाय? नसेल तर चांगलं नशीब घेऊन आलात. जनावरांच्या हाडाकातड्याचा तो चिकट लगदा विस्तवावर ठेवला की शेजारी दारं लावून घ्यायचे. लग्न होऊन मी या घरात पाऊल टाकलं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला होता, "काय मेलंय इथे?" तर हे लाजून म्हणाले, "ते माझं काम आहे." आणि मग वर्षं गेली, नाकाला सवय झाली, तो वास मला यायचाच बंद झाला. ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी मफलर घडी करायला घेतला... तर आला.

तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्याही आधी, मफलर नाकाशी धरायचा आणि एक लांब श्वास घ्यायचा. खोल. पार बेंबीपर्यंत. मला वाटायचं, आठवण काढतेय! आणि आता ही एवढीशी पोर मला सांगते, आठवण नव्हे ती, ते खुद्द आहेत, खुद्द त्यांच्या हाताची खळ, खुद्द त्यांचा घाम, आणि मी रोज सकाळी नाकानं ओढून ओढून नवरा संपवतेय! गेले काही दिवस वास जरा कमी येतोय असं मला वाटत होतं, मी म्हटलं, नाक म्हातारं झालं असेल. नाक कसलं म्हातारं! माल संपत आलाय! आणि उरलेला उशाखालून आपला आपण निघालाय, कारण कण काही एका जागी बसत नाहीत!

मग मी काय केलं? जे कुणीही शहाण्या माणसानं करावं तेच केलं. शिकवणी लावली.

आमच्या खालच्या मजल्यावर शिकवणीच्या बाई आहेत. वयानं माझ्या नातीपेक्षा जरा थोरल्या, हडकुळ्या, खडूच्या भुकटीनं सतत खोकणाऱ्या. पण फळ्यापुढे उभ्या आहेत ना, मग बाईच म्हणायचं. मी तीन वाजता जाऊन पहिल्या बाकावर बसले. मुलं खिदळली. एक चष्मेवाली कार्टी म्हणते, "आजी, तुम्ही परीक्षेला बसणार?" म्हटलं, "परीक्षा चालूच आहे माझी, तू तुझी बघ."

बाईंनी तास सुरू केला. त्यांचा आवाज कसा, अगदी मऊ, दुधावरची साय बोलतेय असं वाटावं. "तर मुलांनो, पदार्थातले बदल दोन प्रकारचे. भौतिक बदल आणि रासायनिक बदल. बर्फाचं पाणी झालं तर पुन्हा बर्फ करता येतो, हा भौतिक. कागद जळला तर राखेचा पुन्हा कागद होत नाही, हा रासायनिक."

मी हात वर केला. पद्धत म्हणजे पद्धत. म्हटलं, "बाई, माणूस जातो तो यातला कुठला?"

बाईंचा खडू फळ्यावर जिथे होता तिथेच राहिला. मग हळूच म्हणाल्या, "आजी... तो अभ्यासक्रमात नाही."

बघा! मला वाटायचं माझ्याच पुस्तकांतून तेवढं पान फाटलंय.

तास संपल्यावर मी त्यांना गाठलं. सगळं सांगितलं, मफलर, उशी, सकाळचा श्वास, सगळं. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत हो. स्टुलावर बसल्या, हात झटकले, आणि मन लावून विचार करायला लागल्या, जणू मी पाण्याची गळती घेऊन आलेय. म्हणाल्या, "आजी, पहिली गोष्ट, उघड्यावर ठेवू नका. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा."

"मग ते थांबतील?"

"थांबणार नाहीत. पण बघा, बंद बरणीत कण मफलरातून सुटतात, आतल्या हवेत हिंडतात, झाकणाला धडकतात, आणि त्यातले काही परत मफलरात येऊन बसतात. काही काळानं जितके सुटतात तितकेच परत येतात."

म्हटलं, "म्हणजे दिवसभर हिंडून संध्याकाळी घरी येतात म्हणा की!"

"तसंच काहीसं."

"बाई, तुमचं भलं होवो. जिवंतपणी हिंडायला बाहेर पडले असते तरी चाललं असतं, पण ठीक आहे, बरणीत तर बरणीत!"

"आणि दुसरी गोष्ट," बाई म्हणाल्या, "उष्णता वाढली की कणांचा वेग वाढतो. थंड ठेवलं की कण मंदावतात."

मंदावतात! हा शब्द ऐकला आणि मला हे आठवले, सकाळी दात घासायला निघालेले. गुडघे विसरून मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले. घरी आले, सुनेची सगळ्यात मोठी बरणी रिकामी केली, धुतली, पुसली, मफलर आत, झाकण गच्च, आणि बरणी फ्रीजमध्ये. कोबी काढला, तिथे यांना ठेवलं.

आमची सून स्वभावानं चांगली आहे, मी तोंडावर कधी म्हणत नाही तो भाग वेगळा. संध्याकाळी कामावरून आली, फ्रीज उघडला, आणि तशीच उभी. तिचा आवाज कसा, आधीच दमलेला, वाक्य सुरू करतानाच हरलेला. "आई... हा बाबांचा मफलर आहे ना?"

"हो."

"फ्रीजमध्ये?"

"मंदावतोय."

"आणि कोबी?"

"कोबी काय, उद्या दुसरा मिळेल!"

बिचारीनं कोबी उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला. पण मला तेवढ्यानं समाधान कुठलं? मंदावणं वेगळं आणि थांबणं वेगळं. पुन्हा खाली गेले, म्हटलं, "बाई, अगदी पुरते थांबायला किती थंड लागेल?" बाई म्हणाल्या, "त्याला केवल शून्य म्हणतात आजी. उणे दोनशे त्र्याहत्तर. पण तिथवर कुणालाच पोचता येत नाही." म्हटलं, प्रयत्न करायला काय जातंय? मी फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो आला, पाना काढला, म्हणाला, "काय होतंय?"

म्हटलं, "यात उणे दोनशे त्र्याहत्तर होईल का?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, फ्रीजकडे बघितलं. म्हणाला, "आजी, यात बर्फ धड होत नाही."

"मग काय उपयोग तुमच्या शिक्षणाचा?"

"मी शिकलोय कुठे? पाना धरता येतो एवढंच," म्हणाला, आणि पाणी पिऊन गेला.

तर असे दिवस चालले. सकाळी चहाच्या आधी मी फ्रीज उघडायची, बरणीकडे बघायची, झाकणाला हात लावायचा नाही, बंद करायचा. माझा निश्चयच झाला होता, आता नाकाला लावायचा नाही. उपास! तुम्हाला सांगते, पोटाचा उपास सोपा आहे, नाकाचा फार कठीण. सकाळ कशी रिकामी वाटायची... कप हातात घेऊन बसायचं आणि चहात चव नाही, जिभेचं काम नाकच करतं की काय कोण जाणे. रस्त्यात एखाद्या दुकानापुढे नव्या पुठ्ठ्याची खोकी दिसली की पाय आपोआप थांबायचे. एकदा तर एका खोक्यात वाकून हुंगत होते, दुकानदार म्हणाला, "आजी, काय सांडलं का?" म्हटलं, "हो बाबा. बरंच."

आणि मग एक दिवस राहवलं नाही. घरात कुणी नव्हतं. बरणी काढली, झाकण फिरवलं, नाक आत घातलं, आणि लांब श्वास...

काही नाही.

काही म्हणजे काही नाही! गार हवा, बस. ओल्या दगडाला नाक लावल्यासारखं. मी बरणी उराशी धरली आणि सून येईपर्यंत दारात उभी राहिले. आल्या आल्या म्हटलं, "धुतलास ना? खरं सांग!"

"हात नाही लावला आई, तुमची शपथ."

"माझी शपथ घेऊ नकोस, खोटी निघाली तर जायचं मलाच आहे!"

"अहो, खरंच नाही लावला..." तिच्या डोळ्यांत पाणी. मला तरी कुठे दिसत होतं, माझ्याही तेच. तशीच बरणी घेऊन खाली. वर्ग भरलेला. मी म्हटलं, "बाई, संपले."

बाईंनी मुलांना गणितं घातली आणि मला बाहेर जिन्यात घेऊन आल्या. बरणीला हात लावून बघितला. म्हणाल्या, "आजी, संपले नाहीत. गारठलेत. थंडीत कण बाहेर पडत नाहीत, मग नाकापर्यंत येणार कसे? हेच तर हवं होतं ना तुम्हाला?"

"म्हणजे आत आहेत?"

"आहेत."

"मग मला कधी कळणार आहेत म्हणून?"

"गरम केला की. पण मग ते सुटणार. आणि सुटले की जाणार."

मी जिन्यावरच बसले. आता हे नीट ऐका, कारण सगळ्या विज्ञानाची मेख इथे आहे. बाई माझ्या शेजारी पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "राखायचे असतील तर हुंगता येणार नाही आजी. आणि हुंगायचे असतील तर राखता येणार नाहीत."

म्हटलं, "हा कुठल्या शहाण्यानं केलेला नियम?"

"केलेला नाही. आहे."

मी म्हटलं, सोडते काय! मधली पानं माझी पाठ आहेत. म्हटलं, "बाई, पुस्तकात द्रव्य अक्षय्यतेचा नियम दिलाय. द्रव्य नाहीसं होत नाही. होतं का?"

"नाही होत."

"मग?"

"नाहीसं होत नाही आजी... फक्त आपल्याजवळ राहत नाही."

आतून मुलं ओरडत होती, "बाई, उत्तर अपूर्णांकात येतंय!" बाई उठल्या, खोकत आत गेल्या. मी बरणी घेऊन वर. पुन्हा फ्रीजमध्ये. म्हटलं, राहू देत. हुंगता येत नाही तर नाही, आहेत एवढं तर आहे. काचेतून दिसतोय, करडा. कितीतरी बायकांना एवढंही नसतं.

पण हे बघितलं कुणी? नातीनं. परीक्षा आटपून आली होती, पाणी प्यायला फ्रीज उघडला आणि बरणीकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "आजी, मला कधी दिलाच नाहीस हुंगायला."

म्हटलं, "तुला कशाला? पुस्तकं हुंग आपली."

"फोटो आहे, म्हणून आजोबा कसे दिसायचे ते माहिती आहे मला. आवाज बाबा काढून दाखवतात. वास कसा यायचा ते मला माहितीच नाही." ते गेले तेव्हा ही रांगत होती. त्यांच्या मांडीवर बसून मफलराची झालर चोखायची, पण ते तिला थोडंच आठवतंय! "एकदाच, आजी."

"एकदाच म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुला? तुझाच धडा आहे तो. सुटले की गेले!"

"ठाऊक आहे."

"मग?"

खांदे उडवले कार्टीनं. म्हणाली, "मग तू कुणासाठी राखतेयस?"

नाही, तुम्ही सांगा, तुम्ही इतके जण बसलाय, द्या उत्तर! मी गेल्यावर ही बरणी कुणाच्या हाती पडणार? सून काढेल, मुलगा म्हणेल, "आईचं काहीतरी असेल," आणि कोबी परत येईल जागेवर. आत हे, गारठलेले, कुणाच्या नाकाला न लागलेले...

म्हटलं, "दार लाव. पंखा बंद कर. खिडकी घट्ट लाव."

माझी गुडघे शेकायची रबरी पिशवी आहे. नातीनं पाणी गरम करून भरली, पलंगावर ठेवली. मी बरणी उघडली, मफलर बाहेर काढला, कसा आखडला होता हो... आणि पिशवीवर पसरला. दोघी दोन बाजूंना बसलो, वाकून, चुलीत फुंकर घालायला बसावं तसं. पहिल्यांदा काहीच नाही. मग लोकर ऊबदार झाली. मग जुन्या कागदाची धूळ आली, जराशी, नाकात खाज आल्यासारखी. मग खळ. आणि मग, सगळ्यात शेवटी, जेवायला बोलावल्यावर यायचे तसे सावकाश... सरस.

आले.

नात म्हणाली, "ई! आजी... असा?"

"असाच."

"बरा नाहीये गं वास."

म्हटलं, "बरा नव्हताच. मी कधी म्हटलं बरा होता? माझा होता."

मग तिनं पुन्हा नाक लावलं. या वेळी ई म्हणाली नाही. डोळे मिटून श्वास घेतला, आणि धरून ठेवला, गाल फुगवून. मी म्हटलं, "सोड श्वास, गुदमरशील." मान हलवली, नाही म्हणून.

आणि नेमकी त्या वेळी सून घरी! दार उघडून आत, "काय कोंदट केलंय हे, पंखा का नाही लावला?" म्हणत थेट खिडकीच्या कडीला हात!

मी अशी ओरडले, "उघडू नकोस! सासरे बाहेर चाललेत तुझे!"

ती जागच्या जागी. हात कडीवर. एरवी चार शब्द बोलली असती, बोलायलाच हवी होती. पण तिनं मान वर केली, एक श्वास घेतला. मग दुसरा. आणि हरलेल्या आवाजात नाही हो, वेगळ्याच, लहान आवाजात म्हणाली, "बाबा." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. येऊन आमच्यापाशी पलंगावर टेकली. म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा मला एकदा ताप आला होता. बाबा बाजूला खुर्चीवर बसून राहिले होते. काही बोलले नाहीत. नुसता हा वास होता."

मला माहीत नव्हतं हो. मला वाटायचं, माझ्याकडेच एवढे होते.

बसलो मग तिघी. घामानं निथळत. कुणी हलेना, हललं की हवा हलणार. हळूहळू वास विरळ झाला. गेला, की आमच्या नाकांना सवय झाली, ते कळायला मार्ग नाही, बाईंना विचारलं तरी त्या म्हणतील दोन्ही. आता ते मफलरात नव्हते, एवढं खरं. सगळ्या खोलीत होते. पडद्यात, उशीत, सुनेच्या केसांत, नातीच्या फुगवलेल्या गालांत. धरून धरून धरणार किती? कण काही एका जागी बसत नाहीत, आणि आम्ही तिघी तरी किती बसणार? स्वयंपाक व्हायचा होता.

मीच उठले. मीच कडी काढली. बाहेर संध्याकाळ झाली होती, वारा होता. गेले... सुनेच्या कानाजवळचे केस जरासे हलले, तेवढंच दिसलं. आता पोचले असतील दुकानांवरून, चौकातून, कुठल्या कुठे, वाऱ्यावर कोण किती लांब जाईल हे बाईंनासुद्धा सांगता येत नाही. बघा म्हणजे! कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करायला चला म्हटलं तर "तू हो पुढे" म्हणणारा माणूस, एवढ्या लांबच्या प्रवासाला निघाला, आणि जाताना तोंडदेखलं तरी विचारलं का मला, "येतेस का" म्हणून? नाव नको! म्हटलं, जा बाबा, नीट जा. मी येईन मागून. पण खिडकी काही फार वेळ उघडी ठेवता येणार नाही... डास येतात.